अब्बांच्या फोनवर चालतं का?

'ॲप' हा शब्द फोनवर तीन तऱ्हांनी टाइप होतो आणि बहुतेक फोनवर तिन्ही वेळा डोळ्यांना सारखाच दिसतो. काही कीबोर्डवर 'ॲ' हे एकच अक्षर तयार मिळतं. काहींवर आधी 'अ' दाबायचा आणि मग वर अर्धचंद्र द्यायचा. तिसऱ्या तऱ्हेत या दोघांच्या मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह बसतं. मराठी बातम्यांच्या कित्येक संकेतस्थळांवर हीच तऱ्हा सापडते. वाचणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. संगणकाला पडतो, कारण त्याच्या लेखी हे तीन वेगळे शब्द आहेत. 'रिकाम्या जागा भरा'मध्ये एका तऱ्हेचं उत्तर साठवलेलं असेल आणि मुलाने दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं, तर समोर लाल फुली येते.

उर्दूत हा गोंधळ जास्त खोल आहे. मी नांदेडला उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. सातवीतल्या एका मुलीने अभ्यासाच्या ॲपमध्ये 'किताब' हा शब्द लिहिला आणि ॲपने तो चूक ठरवला. तिने तीनदा लिहिला, तीनदा चूक. दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊनच शाळेत आली. "टीचर, येच लिखी मैं, फिर भी गलत बोल रा." वडील काही वर्षं सौदीत कामाला होते, फोन तिकडचा, त्यावर कीबोर्ड अरबी. अरबीचा काफ आणि उर्दूचा काफ शब्दाच्या सुरुवातीला आले की बघणाऱ्याला एकच वाटतात, पण युनिकोडमध्ये दोघांचे क्रमांक वेगळे आहेत. छोटी 'ये'चं तेच. शब्दाच्या शेवटी अरबी 'ये'खाली दोन नुक्ते दिसतात, म्हणून तिथे फरक पकडता येतो. शब्दाच्या मध्ये आली की दोघींचं रूप एक. 'तीन' हा आकडा अक्षरी लिहा म्हटलं आणि मुलाने अरबी कीबोर्डवर लिहिला, तरी फुली. (अरबीत 'तीन' म्हणजे अंजीर, तेव्हा ॲपचं अगदीच काही चुकलं नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये एकांनी सुनावलं.)

आकड्यांची गंमत तर विचारू नका. बारा हा आकडा इंग्रजीत लिहा, देवनागरीत लिहा, उर्दूत लिहा, अरबीत लिहा, चारही वेगळे. त्यात उर्दूचा आणि अरबीचा बारा दिसायला सारखा. शिवाय उर्दू वाक्य उजवीकडून डावीकडे जातं आणि गणिताची मांडणी डावीकडून उजवीकडे. बनवणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर उर्दू प्रश्नाच्या मध्ये इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं 'पाच वजा तीन' पडद्यावर 'तीन वजा पाच' होऊन बसतं. मूल बिचारं समोर दिसतं ते सोडवतं, ऋण दोन लिहितं, आणि पुन्हा फुली.

युनिकोडच्या ठरलेल्या नियमांनी अक्षरांची ही रूपं आपोआप एक होत नाहीत. ॲप बनवणाऱ्याला स्वतः सांगावं लागतं की उत्तर तपासण्याआधी अरबी काफ आणि ये उर्दूत बदलून घे, तिन्ही 'ॲ' एक समज, चारही बारा एक समज. काम मोठं नाही. जाणकार माणसाचं एका दुपारचं आहे. पण ते करायचं असतं हे कळायला कुणीतरी उर्दूत उत्तर लिहून बघावं लागतं, आणि तेही अब्बांच्या फोनवर.

ॲपच्या भरवशाबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा ते बंद पडण्याबद्दल बोलतात. बंद पडणारं ॲप निदान कबूल तरी करतं की माझं काहीतरी बिघडलंय. बरोबर उत्तराला चूक म्हणणारं ॲप मुलाच्या मनात भलतीच गोष्ट पेरतं. त्या मुलीने नंतर लिहायचे प्रश्न सोडूनच दिले, फक्त चार पर्यायांतून निवडायचे प्रश्न सोडवू लागली. वर्गात वहीवर ती सुंदर लिहिते. फोनवर मात्र तिची समजूत झाली होती की आपलंच उर्दू कच्चं आहे.

आता बंद पडण्याकडे येते, कारण तिथेही सरासरीच्या आड आमची मुलं लपून जातात. गूगल प्ले स्टोअरने ॲप बनवणाऱ्यांसाठी एक रेषा आखून दिली आहे. रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्के किंवा त्याहून जास्त लोकांसमोर ॲप कोसळलं, तर ते वाईट समजलं जातं. पडद्यावर बोट टेकवलं आणि ॲप नुसतं गोठून राहिलं, असं ०.४७ टक्के लोकांच्या बाबतीत झालं तरी तेच. पण एखाद्या ठरावीक मॉडेलच्या फोनवर मोजायचं असेल तर ही मर्यादा ८ टक्के आहे. म्हणजे एखाद्या जुन्या स्वस्त फोनवर शंभरातल्या सात मुलांसमोर ॲप रोज कोसळत असलं, तरी सगळे मिळून बनवणारा पास. मी गूगलला दोष देत नाही. कुठेतरी रेषा आखावीच लागते. पण एक लाख मुलं वापरत असतील आणि त्यातली दोनशे किनवट-माहूरच्या वाड्यावस्त्यांवरची असतील, तर त्या दोनशेही जणांचं ॲप उघडत नसलं तरी एकूण आकड्यात ते ०.२ टक्के. आलेख हिरवाच राहणार.

आणि या मुलांच्या हातात फोन असतो तरी किती वेळ? एप्रिल २०२० मध्ये राज्याने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला सुरू केली, तेव्हा रोज व्हॉट्सॲपवर दीक्षा ॲपच्या लिंक यायच्या. दीक्षा २०१७ पासून होतंच, पुस्तकांवर क्यूआर कोडही होते. धडा एकदा उतरवून घेतला की नंतर इंटरनेटशिवाय बघता येतो, ही त्याची सगळ्यात उपयोगी सोय. त्या दिवसांत आम्ही शिक्षकांनी घरोघरी चौकशी केली तेव्हा जे चित्र दिसलं ते आजही फार बदललेलं नाही. घरात चांगला फोन एक, तो अब्बांचा. अब्बा रिक्षावर, गॅरेजवर किंवा बांधकामावर. ते रात्री आठ-साडेआठला येतात, जेवतात, मग फोन मुलांकडे. मुलं तीन. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास.

या अर्ध्या तासात ॲप उघडलं आणि समोर पाटी आली, 'नवीन आवृत्ती घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही', तर काय होतं याचा हिशोब करा. रोजचा डेटा दिवसभरात संपलेला असतो. संपल्यावर बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने ४० एमबीचं अपडेट उतरायला जवळपास दीड तास लागतो. तिन्ही मुलांची वेळ गेली. कंपनीच्या लेखी ते अपडेट यशस्वी झालं, कारण रात्री उशिरा का होईना ते उतरलं.

माझं म्हणणं सरळ आहे. अभ्यासाच्या ॲपने सक्तीचं अपडेट फक्त दोनच कारणांसाठी लादावं: माहिती चोरीला जाण्याचा धोका असेल तर, किंवा जुन्या आवृत्तीत उत्तरं हरवत असतील तर. नवा रंग, नवं चिन्ह, नाचणारं अस्वल, यासाठी मुलाला दारात उभं करू नये. 'नंतर करा' हे बटण ठेवायला काय जातं?

अपडेट सगळ्यांना एकदम देणं हीदेखील एक घाई आहे. मार्च २०२१ मध्ये जगभरच्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसकट अनेक ॲप आपोआप बंद पडू लागले. त्या ॲपवाल्यांनी काहीच केलं नव्हतं. ॲपच्या आत वेबपान दाखवणारा वेबव्ह्यू नावाचा एक भाग फोनमध्ये असतो, त्याचं बिघडलेलं अपडेट गूगलकडून गेलं होतं. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवत बसले आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होत असेल, तर दोन-चार पोरांनी मिळून चालवलेल्या ॲपचं होणारच. म्हणून प्ले स्टोअरवर सोय आहे की नवीन आवृत्ती आधी थोड्या टक्के लोकांना द्यायची, दोन दिवस बघायचं, ठीक वाटलं तर वाढवायची, बिघडलं तर तिथेच थांबवायची. ही सोय वापरायला वेगळे पैसे लागत नाहीत. धीर लागतो. आणि दहावीच्या परीक्षेच्या पंधरवड्यात तर नवीन आवृत्ती काढूच नये, याला काही फार बुद्धी लागत नाही.

लातूरचं दुखणं वेगळं आहे. तिथे फोन आहेत, टॅब आहेत, वसतिगृहांत वाय-फाय आहे. लातूर पॅटर्न मुळात सराव परीक्षांवर उभा राहिला. पूर्वी ते कागदावर व्हायचं, आता बरंचसं ॲपवर होतं. माझी भाची तिथे नीटची तयारी करते. १८० प्रश्न, तीन तास. एका रविवारी वेळ संपली, तिने 'सबमिट' दाबलं आणि पडद्यावर चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटांनी ॲप पुन्हा उघडलं तेव्हा पेपर कोरा. संस्थेने सांगितलं, "एकदम लोड आला." अहो, येणारच. हजारो मुलांची परीक्षा एकाच मिनिटाला संपते हे वेळापत्रक तुम्हीच लावलं आहे. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला तेव्हा राज्यातल्या १५ लाखांहून जास्त मुलांनी एकाच वेळी संकेतस्थळ उघडलं आणि ते तासन्‌तास ठप्प झालं. तेव्हाही गर्दी अचानक आलेली नव्हती. वेळ जाहीर करून बोलावलेली गर्दी होती.

यावर उपाय जुना आहे. पोस्टाच्या पेटीसारखा. मुलाने उत्तर निवडलं की ते आधी फोनमध्येच साठवायचं, प्रत्येक प्रश्नाला. वेळ संपली की पेपर फोनवर बंद करायचा, म्हणजे कुणी नंतर खाडाखोड करू शकणार नाही, आणि मग सर्व्हरकडे सवडीने पाठवायचा. कुणाचा दहा सेकंदांनी, कुणाचा दोन मिनिटांनी. मुलाला स्वच्छ शब्दांत सांगायचं: 'तुमचा पेपर फोनमध्ये सुरक्षित आहे, पाठवणं चालू आहे.' भाचीला त्या दिवशी एवढं एक वाक्य दिसलं असतं तरी ती रात्रभर रडली नसती. "खाला, मेरे पुरे तीन घंटे गए," एवढंच ती फोनवर म्हणत होती.

हे सगळं होत का नाही? मला वाटतं त्याचं कारण तंत्रज्ञानात कमी आणि आपल्या सवयीत जास्त आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यात जा, हापसा बसवला त्या दिवशीचा फोटो कुणाकडे ना कुणाकडे असतो. वायसर गेल्यावर तो बदलायला आलेल्या माणसाचा फोटो नसतो, कारण बरेचदा तो माणूसच आलेला नसतो. ॲपचं हेच होतं. उद्‌घाटन होतं, पाहुणे येतात, बॅनर लागतो, पहिल्या वर्षाचा निधी मिळतो. दुसऱ्या वर्षी फोनची नवीन अँड्रॉइड आवृत्ती येते, सर्व्हरचं भाडं वाढतं, तक्रारी येतात, आणि त्यासाठी पैसा कुणी धरलेलाच नसतो. पुस्तकावर छापलेला क्यूआर कोड तर पुस्तक फाटेपर्यंत तिथे राहणार. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं सगळीकडे कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण कोड छापणं एका दिवसाचं काम, त्यामागचा धडा रोज उघडत ठेवणं हे वर्षांचं काम, आणि या दुसऱ्या कामाला आपल्याकडे अजून नावही नाही, पदही नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या ज्या संस्था आणि दानशूर मंडळी मुलांसाठी ॲप बनवून घेतात, त्यांना माझी विनंती आहे: बनवण्यासाठी जेवढा पैसा जमवाल, त्यातला निम्मा पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला काढूनच काम सुरू करा. कमी धडे बनवा. दहा चालणारे धडे चाळीस अडणाऱ्यांपेक्षा मुलाला जास्त देतात.

आपल्या बाजूनेही काही करता येतं. 'ॲप चालत नाही' अशी तक्रार म्हणजे डॉक्टरकडे जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखं आहे. वर्गात आम्ही एक वही ठेवली आहे. मूल त्यात लिहितं: फोन कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, अँड्रॉइडची कुठली आवृत्ती, किती वाजता झालं, त्याआधी कुठलं बटण दाबलं, पडद्यावर काय अक्षरं आली. स्क्रीनशॉट असेल तर उत्तम. आठवड्याला मी ते एकत्र करून पाठवते. मुलांना यात मजा येते, आणि 'माझं चुकलं' ऐवजी 'इथे बिघाड आहे' असं बघायची सवय लागते, हा वरचा फायदा. पालकांसाठी एक सूचना इथेच करून टाकते. ॲप अडलं की मोबाइलच्या दुकानातला मुलगा 'डेटा क्लिअर कर' म्हणतो. तसं लगेच करू नका. 'क्लिअर कॅश' केलं तर तात्पुरता कचरा जातो. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' केलं तर उतरवलेले धडे आणि न पाठवलेली उत्तरंही जाऊ शकतात. आधी फोन बंद करून चालू करा, जागा किती उरली आहे ते बघा. निम्म्या वेळा लग्नाच्या व्हिडिओंनी फोन भरलेला असतो.

आमच्या वहीतल्या तक्रारी ज्या ॲपबद्दल होत्या ते चालवणारा तरुण लातूरचा निघाला. त्याला उर्दू येत नाही. काफ-येचं दुखणं मी त्याला फोनवर समजावून सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला. पंधरा दिवसांत त्याने ते दुरुस्त केलं. 'ॲ'चंही केलं. चार बारांचं अजून बाकी आहे, त्याचं म्हणणं गणिताचा भाग दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला आहे आणि त्याला हात लावायला भीती वाटते. त्या मुलीला मी तिचा तोच जुना प्रश्न पुन्हा सोडवायला दिला. हिरवी खूण आली. ती काही बोलली नाही, पुढचा प्रश्न उघडला.

त्याच्याशी आणखी एक गोष्ट बोलून झाली. त्याचं ॲप रोज पहाटे तीन ते साडेपाच देखभालीसाठी बंद असायचं, कारण तेव्हा कुणी नसतं असा त्याचा अंदाज. २०२५ मध्ये रमजान मार्चच्या सुरुवातीला आला आणि दहावीची परीक्षा तेव्हा चालूच होती. आमची मुलं सहरीला उठतात आणि फजरपर्यंत, कधी त्यानंतरही, अभ्यासाला बसतात. घरात शांतता असते, अब्बांचा फोन मोकळा असतो, रात्री बारानंतर डेटाही नवा मिळालेला असतो. मी हे सांगितल्यावर त्याने जुन्या नोंदी काढून बघितल्या. महिनाभर रोज साडेचारच्या सुमाराला नांदेडकडून शेकड्याने प्रयत्न झालेले होते. त्याला तेव्हा वाटलं होतं की कुणीतरी यंत्र लावून ॲपवर हल्ला करतंय, म्हणून त्याने ते नंबर अडवून ठेवले होते. ते आता मोकळे केले आहेत, आणि देखभाल सकाळी दहाला हलवली आहे, मुलं शाळेत असतात तेव्हा.